कार्बाइड जॉबवर पोचेपर्यंत कार्बाइडच राहिलं पाहिजे

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यातल्या कारखान्यांचे पंप स्लीव्ह, प्लंजर, व्हॉल्व्हचे बॉल कोटिंगला येतात, म्हणजे त्यांच्यावर कार्बाइडच्या कडक पावडरीचा थर फवारून घ्यायला येतात, तेव्हा जॉबसोबत बहुतेक वेळा एक प्रश्नही येतो: "याहून कडक पावडर आहे का?" कोटिंग लवकर झिजलं म्हणजे पावडर मऊ होती, असा समज घट्ट बसलाय. बहुतेक वेळा पावडर बरोबरच असते. डब्यातलं कार्बाइड फवारणीच्या गनमधून जाताना किती जळलं आणि जॉबवर बसल्यावर त्याने खालच्या थराला किती घट्ट धरलं, यावर झिजेचा निकाल लागतो. म्हणून माझा आग्रह असा, की महागडी पावडर मागवण्याआधी झिजलेल्या कोटिंगचा एक तुकडा कापा आणि मायक्रोस्कोपखाली बघा.

त्या तुकड्यात काय दिसतं? एचव्हीओएफचं, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजनच्या वेगवान ज्वाळेतून फवारलेलं, टंगस्टन कार्बाइड कोटिंग म्हणजे चपट्या झालेल्या कणांचे एकावर एक बसलेले थर. प्रत्येक कणात कोबाल्टच्या किंवा कोबाल्ट-क्रोमच्या बाइंडरमध्ये, म्हणजे दाण्यांना धरून ठेवणाऱ्या धातूत, कार्बाइडचे बारीक दाणे रुतलेले असतात. वाळू किंवा गाळ घासत गेला की आधी मऊ बाइंडर जातो. पावसात रस्त्याचा मुरूम वाहून गेला की खडी उघडी पडते आणि मग गाड्यांच्या चाकांखाली एकेक खडा उडतो, अगदी तसंच. आधाराविना उभा राहिलेला कार्बाइडचा दाणा तुटतो किंवा आख्खा निघून येतो. ही संथ झीज, आणि चांगलं कोटिंग असंच झिजतं. दुसरी झीज वाईट. दोन कणांच्या मधल्या सांध्यातून आडवी भेग सरकते आणि आख्खा पापुद्रा उचलला जातो. पृष्ठभागावर ओरखड्यांपेक्षा खड्डे जास्त दिसत असतील, तर कोटिंग कडकपणात कमी पडलेलं नाही, त्याचे थर एकमेकांना धरत नाहीत.

कडकपणाचं महत्त्व मी नाकारत नाही. क्वार्ट्झ वाळूचा कडकपणा साधारण ११०० एचव्ही (विकर्स मोजपट्टीवर). घासणारा कण पृष्ठभागापेक्षा निदान वीसेक टक्के कडक असेल तरच तो नीट कापतो. म्हणजे ११५० एचव्हीच्या कोटिंगवर वाळूची धार चालत नाही, ९०० च्या कोटिंगवर चालते. हिमालयातल्या नद्यांच्या गाळात क्वार्ट्झ भरपूर असतं, म्हणूनच नाथपा झाकरीसारख्या जलविद्युत प्रकल्पांत टर्बाइनच्या भागांवर टंगस्टन कार्बाइड कोबाल्ट-क्रोमचं हेच कोटिंग वापरलं जातं. घासणारा माल ॲल्युमिना असेल तर हिशोब बदलतो. त्याचा कडकपणा २००० च्या आसपास, त्याच्यापुढे कुठलंही कार्बाइड कोटिंग निव्वळ कडकपणावर टिकत नाही. तिथे चिवटपणा आणि थरांची पकड हेच भांडवल.

आता जळण्याचा भाग. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. ऑक्सिजन-केरोसीनच्या ज्वाळेचं तापमान २८०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. पावडरचा कण त्यात काही मिलिसेकंदच असतो, पण १३०० अंशांच्या आसपास कोबाल्ट आणि कार्बाइड मिळून वितळायला लागतात. कण जास्त तापला की टंगस्टन कार्बाइड त्या वितळलेल्या कोबाल्टमध्ये विरघळतं, त्यातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून वायू होऊन निघून जातो. थंड होताना मागे राहतो तो डायटंगस्टन कार्बाइड, म्हणजे दोन टंगस्टनमागे एकच कार्बन असलेला, आणि त्याच्याभोवती टंगस्टनने भरलेला ठिसूळ बाइंडर. फारच जळलं तर धातुरूप टंगस्टनसुद्धा सापडतो.

फसगत होते ती इथे. डायटंगस्टन कार्बाइड मूळ कार्बाइडपेक्षा कडक असतो, त्यामुळे जळलेल्या कोटिंगचं हार्डनेसचं रीडिंग कधीकधी छान येतं, रिपोर्टवर सही होते, आणि साइटवर तेच कोटिंग पापुद्रे सोडतं. म्हणून एका हार्डनेसच्या आकड्यावर विसंबू नये. एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्यावं, म्हणजे कोटिंगमध्ये कोणती संयुगं आहेत ते क्ष-किरणांनी ओळखता येतं. तांब्याच्या एक्स-रे नळीवर टंगस्टन कार्बाइडची शिखरं ३१.५, ३५.६ आणि ४८.३ अंशांवर येतात, डायटंगस्टन कार्बाइडचं मोठं शिखर ३९.६ वर. ३९.६ ची उंची भागिले ३५.६ ची उंची हे गुणोत्तर प्रत्येक सेटिंगसाठी वहीत नोंदवा. निरपेक्ष आकडा म्हणून त्याला फार अर्थ नाही, पण एकाच मशिनवर एकाच पावडरीच्या दोन सेटिंगची तुलना त्याच्याइतकी स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

याच्या उलट टोकाला थंड कण. बाइंडर पुरेसा मऊ झाला नाही की कण आपटून चपटा होत नाही, कडा उघड्या राहतात, सांध्यात पोकळी राहते. कार्बन शाबूत, पण पकड नाही. वाट या दोन टोकांच्या मधून जाते आणि ती अरुंद आहे. वेग जितका जास्त तितकी ती रुंद होते, कारण वेगाने आदळणारा कण कमी तापलेला असला तरी चपटा होतो.

केरोसीनवर चालणाऱ्या गनसाठी सुरुवात करायला हे आकडे चालतात, आपल्या गनच्या मॅन्युअलशी ताडून घ्या: ऑक्सिजन ताशी २००० घनफूट म्हणजे मिनिटाला सुमारे ९४५ लिटर, केरोसीन ताशी २२ ते २३ लिटर, पावडर मिनिटाला ७५ ते ८० ग्रॅम, अंतर ३५५ ते ३८० मिलिमीटर. एक किलो केरोसीन पूर्ण जाळायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, वरच्या सेटिंगला तो चार किलोच्या आसपास पडतो. हा थोडा जादा ऑक्सिजन मुद्दाम ठेवलेला असतो. तो खूप कमी केला की काजळी धरते आणि बॅरलमध्ये, म्हणजे गनच्या पुढच्या नळीत, थर जमतो, खूप वाढवला की कार्बन जास्त जळतो. वेग हवा असेल तर केरोसीन आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच प्रमाणात वाढवा. गनच्या ज्वलन चेंबरचा दाब वाढतो आणि कणांचा वेगही. एकट्या ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह फिरवून वेग वाढवायला जाऊ नका.

बॅरलची लांबीही तापमानच ठरवते. लांब बॅरलमध्ये कण जास्त वेळ राहतो, जास्त तापतो. बारीक पावडर लांब बॅरलमधून मारली की हमखास जळते. पावडर बारीक घेतली असेल तर ४ इंची बॅरल लावा. जमलेला थर सुटून गोळी कोटिंगमध्ये येऊन बसली तर तिच्याभोवती पोकळी राहते आणि ग्राइंडिंगच्या वेळी ती सुटून खड्डा पडतो. बॅरल थंड करायला येणाऱ्या पाण्याचं तापमान वाढलेलं असणं आणि पावडरीत बारीक धूळ जास्त असणं, ही गोळ्या पडण्याची दोन नेहमीची कारणं. एप्रिल-मे महिन्यांत चिलरवर लक्ष ठेवा.

साधी खूण हवी असेल तर पावडर किती चिकटते ते मोजा. नमुन्याचं वजन आधी-नंतर घेतलं, वाया गेलेला फवारा वजा केला की भागलं. टंगस्टन कार्बाइडला ३५ ते ४५ टक्के ही निरोगी पातळी. अचानक ५० च्या वर गेली तर पावडर वाचते म्हणून खूश होऊ नका, कण जास्त तापत असण्याची शक्यता मोठी. ३० च्या खाली गेली तर कण थंड आहेत किंवा बॅरल झिजलंय.

ऑक्सिजनऐवजी हवेवर चालणारी एचव्हीएएफ गन या बाबतीत सरस आहे. ज्वाळा १९०० ते २००० अंशांची, त्यामुळे कार्बन जवळजवळ तसाच राहतो. मोठा कॉम्प्रेसर आणि कोरडी हवा लागते, तेवढी तयारी असेल तर मी तिलाच पसंती देईन.

पावडरीबद्दल थोडक्यात. वाळूची कोरडी घासणी असेल आणि आम्ल-क्षार नसतील तर टंगस्टन कार्बाइड–१२ कोबाल्ट (आकडे वजनाच्या टक्क्यांचे). दणके आणि कंप असतील तर १७ कोबाल्ट, थोडा कडकपणा जातो पण तडे कमी जातात. पाणी, खारं पाणी, सौम्य रसायन असेल तर १० कोबाल्ट–४ क्रोम. आपल्याकडच्या पंपांना बहुतेक हीच लागते. ५०० अंशांच्या वर टंगस्टन कार्बाइड हवेत ऑक्सिडाइझ होतं, तिथे क्रोमियम कार्बाइड–२५ निकेल क्रोम, साधारण ८५० अंशांपर्यंत. पण साध्या तापमानाला क्रोमियम कार्बाइड झिजेत बरंच मागे पडतं. ते स्वस्त आहे म्हणून थंड पाण्याच्या स्लीव्हवर मारणं म्हणजे दोनदा खर्च.

कार्बाइडचा दाणा बारीक, एक मायक्रॉनच्या आसपास, असला की बारीक गाळाला आणि पाण्याच्या बुडबुड्यांच्या माऱ्याला कोटिंग चांगलं तोंड देतं, कारण दोन दाण्यांमधलं बाइंडरचं उघडं अंतर कमी होतं. जाड वाळूला तीन-चार मायक्रॉनचे दाणे बरे. नॅनो दाण्यांच्या पावडरीची जाहिरात आकर्षक असते, पण दाणा जितका बारीक तितका तो लवकर विरघळतो. साध्या एचव्हीओएफ सेटिंगवर नॅनो पावडर मारली तर त्यातलं नॅनो कार्बाइड जॉबवर पोचतच नाही. ती घ्यायचीच असेल तर सेटिंग थंड आणि वेगवान ठेवा.

पावडर गोळे करून भाजलेली घ्यावी, १५ ते ४५ मायक्रॉनची. नुसती एकत्र कालवलेली घेऊ नये, डब्यातच जड-हलकं वेगळं होतं. डबा उघडण्याआधी दोन-तीन मिनिटं लोळवून घ्या. पावसाळ्यात स्टीलच्या ट्रेमध्ये पातळ थर पसरून ८० ते १०० अंशांवर दोन तास वाळवा. दमट पावडर फीडरमध्ये अडखळते, फवारा धडधडत येतो, आणि कापलेल्या नमुन्यात पातळ-जाड पट्टे दिसतात.

पावसाळ्याचं खरं संकट मात्र ब्लास्टिंगनंतर, म्हणजे कोटिंगआधी कडक दाण्यांचा (ग्रिटचा) मारा करून पृष्ठभाग खडबडीत केल्यावर, येतं. जुलैत ठाणे-नवी मुंबईत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते, २६ अंशांच्या थोडा वर येतो. जॉबचा पृष्ठभाग त्याहून निदान ३ अंश गरम हवा, म्हणजे २९ च्या वर. एसी इन्स्पेक्शन रूममध्ये २४ अंशांवर मोजून ठेवलेला शाफ्ट बाहेर आणला की त्याला घाम फुटतो. डोळ्यांना तो दिसतोच असं नाही, पण पाण्याचा पातळ पापुद्रा तिथे असतो. नुकतंच ब्लास्ट केलेलं माइल्ड स्टील एकसारखं राखाडी-पांढरं, चमक नसलेलं दिसतं. अशा हवेत अर्ध्या-पाऊण तासात ते मंद पडतं, मग कडेला फिकट पिवळसर झाक येते. पिवळी झाक दिसली की त्यावर कोटिंग मारू नये, पुन्हा ब्लास्ट करावं. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, आसपासच्या प्लांटमधून आम्लाची वाफ येते, त्यामुळे पुस्तकातली दोन तासांची मुदत इथे धरू नका. उन्हाळ्यात एक तास, पावसाळ्यात अर्धा तास. ब्लास्टिंग झालेल्या जागेला उघडा हात लावायचा नाही, कॉटनचे स्वच्छ हातमोजे घाला.

ब्लास्टिंगला २४ मेशचा ॲल्युमिना, ३ ते ४ बार दाब, नोझल १०० ते १५० मिलिमीटरवर आणि जवळजवळ काटकोनात धरलेलं. खडबडीतपणा ४ ते ६ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणाचं माप). जास्त वेळ मारलं की चांगलं होतं हा गैरसमज आहे, टोकं चेपली जातात आणि ग्रिटचे तुकडे धातूत रुततात. कापलेल्या नमुन्यात कोटिंग आणि धातूच्या सांध्यावर काळे टोकदार ठिपके दिसले की समजावं, एकतर दाब जास्त होता किंवा ग्रिट बोथट आणि धुळकट झालं होतं. ब्लास्टिंगच्या हवेत तेल आहे का हे बघायला पांढरं कापड एक मिनिट हवेसमोर धरा. डाग पडला तर आधी फिल्टर आणि ड्रायर, मग ब्लास्टिंग.

लेथवर फिरणाऱ्या जॉबला पृष्ठभागाचा वेग मिनिटाला ६० मीटरच्या आसपास ठेवा. ६० मिलिमीटर व्यासाच्या स्लीव्हला हे सुमारे ३२० आरपीएम पडतं. पिच, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात गन सरकते ते अंतर, ५ मिलिमीटर धरली तर गनचा प्रवास मिनिटाला १६०० मिलिमीटर. मिनिटाला ८० ग्रॅम पावडर आणि ४० टक्के चिकटणं धरलं तर एका पासमध्ये, म्हणजे गनच्या एका खेपेत, साधारण ८ मायक्रॉन चढतात. ०.४ मिलिमीटर हवं असेल तर पन्नासेक पास. आता तेच आरपीएम आणि तोच प्रवास ठेवून ३० मिलिमीटरचा शाफ्ट लावला, तर पासची जाडी दुप्पट होते आणि तितकीच उष्णता निम्म्या जागेत कोंडते. लहान जॉबला तडे जातात त्याचं कारण बहुतेक हेच असतं.

उष्णतेचा हिशोब मांडून बघा. कार्बाइड कोटिंगचं प्रसरण अंशाला दशलक्षात सहा-सात, माइल्ड स्टीलचं १२, ३०४ स्टेनलेसचं १७. जॉब २५० अंशांपर्यंत तापू दिला आणि मग थंड झाला, तर स्टेनलेस कोटिंगपेक्षा ०.२ टक्क्यांहून जास्त आकसतं. एवढा ताण कडेला गोळा होतो आणि कोटिंग कडेपासून उचलतं. जॉब १५० अंशांच्या खालीच ठेवा, स्टेनलेस असेल तर १२० च्या. सुरुवातीला ८० ते १०० अंशांपर्यंत तापवून ओल घालवा. दोन्ही बाजूंनी हवेचे झोत, पोकळ स्लीव्हला आतूनही हवा. मात्र झोत फवारा पडतो त्याच जागेवर नको, कण थंड होतात. कडेला ०.५ ते १ मिलिमीटरची गोलाई हवी. टोकदार कडेवर मारलेलं कोटिंग ग्राइंडरवरच तुटतं. मारताना एका पातळ अल्मेन पट्टीवर (ताण मोजायची ठरावीक मापाची स्टीलची पट्टी) सोबत कोटिंग करा. पट्टी कोटिंगच्या बाजूने फुगली तर ताण दाबणारा आहे, म्हणजे चांगला. उलटी वाकली तर कोटिंग ताणलेलं आहे, ते तडकण्याची वाट बघतंय.

तपासणीत तीन ठिकाणी लोक चुकतात. पहिली चूक, नमुना कापताना. ब्लेड कोटिंगकडून धातूकडे जायला हवं, उलटं गेलं की कोटिंग उचललं जातं. सिलिकॉन कार्बाइडच्या पेपरने घासलं की दाणे उपटले जातात आणि चांगलं कोटिंग छिद्राळ दिसतं. व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी भरा, त्यात फ्लुरोसंट रंग मिसळा. खरं छिद्र रंगाने भरतं, उपटलेली जागा काळीच राहते. खरी छिद्रं १ टक्क्याच्या आत हवीत. दुसरी, हार्डनेस. ३०० ग्रॅम भाराने दहा रीडिंग घ्या आणि सरासरीपेक्षा त्यांचा पसारा बघा. सरासरी ११५० आणि रीडिंग ८५० पासून १३५० पर्यंत, तर थर एकसारखे नाहीत. तिसरी, झिजेची चाचणी. एएसटीएम जी-६५ मध्ये रबरी चाक आणि वाळूने नमुना घासतात. प्रोसीजर ए मध्ये १३० न्यूटन भार, ६००० फेरे. निकाल मिलिग्रॅममध्ये वाचू नका. टंगस्टन कार्बाइड कोटिंगची घनता घन सेंटिमीटरला १४ ग्रॅमच्या आसपास, क्रोमियम कार्बाइडची ७. दोघांचं वजन ७० मिलिग्रॅमने घटलं तर पहिल्याचे ५ घन मिलिमीटर गेले आणि दुसऱ्याचे १०. जॉबचं माप घनफळाने बिघडतं, वजनाने नाही.

चिकटण्याच्या चाचणीत कोटिंगला गोंदाने ठोकळा चिकटवून ओढतात. ७० मेगापास्कलला गोंद तुटला, तर तो आकडा गोंदाचा आहे. कोटिंग त्याहून जास्त धरतं एवढंच त्यातून कळतं.

मारल्यानंतर भट्टीत तापवून किंवा लेझर फिरवून झीज कमी करण्याचे प्रयोग होतात. क्रोमियम कार्बाइडला ६०० ते ९०० अंशांवर बाइंडरमध्ये बारीक कार्बाइड नव्याने तयार होऊन फायदा होतो, आणि गरम कामात ते चालता-चालता आपोआप घडतं. टंगस्टन कार्बाइडच्या कोटिंगला स्टीलसकट भट्टीत घातलं तर प्रसरणातल्या फरकामुळे उभे तडे जातात. लेझरने वितळवलं तर आपण जे कार्बाइड इतक्या काळजीने वाचवलं तेच विरघळतं. घासणारा माल फार जाड असेल आणि दणके असतील तर कार्बाइड मिसळलेलं निकेल क्रोम बोरॉन सिलिकॉन मारून १०२० ते १०८० अंशांवर फ्यूज करणं, म्हणजे वितळवून एकजीव करणं, हा वेगळा, चांगला मार्ग आहे. रसायनातल्या जॉबला इपॉक्सी किंवा फेनॉलिक सीलर ग्राइंडिंगआधी लावा, नाहीतर सूक्ष्म वाटांनी द्रव खाली उतरतो, खालचं स्टील गंजतं आणि न झिजलेलं कोटिंग गळून पडतं.

फवारणीच्या बूथबद्दल एवढं सांगायलाच हवं: कोबाल्टसह टंगस्टन कार्बाइडची धूळ फुप्फुसाला घातक आहे आणि कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत ती मोडते. आवाज १३० डेसिबलच्या आसपास. डस्ट कलेक्टर बंद असताना गन सुरू करायची नाही, फिल्टर बदलणाऱ्या हेल्परलाही चांगला रेस्पिरेटर द्यायचा, आणि बूथ कॉम्प्रेस्ड हवेने झाडायची नाही.

मग ग्राइंडिंग. चांगलं मारलेलं कोटिंग इथे बिघडवणारी गोष्ट म्हणजे ग्रीन व्हील, सिलिकॉन कार्बाइडचं हिरवं चाक. सिलिकॉन कार्बाइड टंगस्टन कार्बाइडला कापण्याऐवजी घासतं, तापवतं, आणि जाळीसारखे केसाएवढे तडे सोडतं. हे तडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पेनेट्रंट (तड्यांत शिरणारा रंगीत द्रव) लावल्यावर दिसतात. रेझिन बाँडचं डायमंड व्हीलच लावा, वेग सेकंदाला २० ते ३० मीटर, एका पासला ५ ते १० मायक्रॉन, कूलंट भरपूर आणि थेट चाक जॉबला टेकतं तिथे. कार्बाइडच्या हत्यारांसाठीचं कूलंट घ्या. साध्या कूलंटमध्ये कोबाल्ट हळूहळू विरघळतो आणि पृष्ठभागावरचे दाणे कोटिंग वापरात जायच्या आधीच उघडे पडतात. व्यासाच्या एका बाजूला ०.१ ते ०.१५ मिलिमीटर माल काढायला ठेवा, कारण वरचा खरखरीत थर पूर्ण निघाला पाहिजे. स्लीव्हवर पॅकिंग बसणार असेल तर ०.२ आरएच्या आत आणा. मेकॅनिकल सील किंवा रबरी सील असेल तर पुढे डायमंड फिल्मने ०.१ पर्यंत, कारण ग्राइंडिंगनंतर उभ्या राहिलेल्या कार्बाइडच्या टोकांनी पहिल्या काही तासांतच सीलची धार खाल्ली जाते.